११. दोन टाक्या

११.१ प्रस्तावना

घरात, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी आपण रोज कोणते ना कोणते यंत्र हाताळतो. कधी शिवणयंत्र, कधी पाण्याचा पंप, तर कधी दुचाकी. यंत्र बंद पडले की आपण यंत्राला दोष देतो. पण पुष्कळदा त्या बिघाडाचे मूळ आपल्याच हातून झालेल्या एखाद्या लहानशा चुकीत असते. ती चूक इतर कोणी पाहिलेली नसते. ती सांगावी की झाकावी, हा प्रश्न मात्र आपल्यापुढे उभा राहतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांची त्या वादळाने मोठी हानी केली. त्यानंतरच्या दिवसांत पडलेली झाडे कापून वाटा आणि घरे मोकळी करण्याचे काम गावोगाव चालले होते. या कामासाठी जी साखळीची करवत वापरतात, तिची हकिकत या पाठात आली आहे. या करवतीला बोलण्यात ‘चेन सॉ’ किंवा नुसते ‘कटर’ असेही म्हणतात. एका टाकीत जायचे तेल दुसऱ्या टाकीत गेले, तर काय होते आणि ते कसे निस्तरता येते, हे आता आपण वाचू या.

११.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• पाठातील प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• साखळीच्या करवतीला दोन टाक्या का असतात, ते स्पष्ट करणे.
• चुकीचे द्रव टाकीत गेल्यास करावयाच्या कृती योग्य क्रमाने लिहिणे.
• चूक वेळेवर सांगण्याचे महत्त्व उदाहरणांसह पटवून देणे.
• क्रम दाखवणारी रूपे आणि कर्ता लपवणारी वाक्ये ओळखणे.

११.३ मूळ पाठ

त्या वर्षी मार्च महिन्यात चार दिवसांसाठी म्हणून मी मामांकडे गेले आणि टाळेबंदीमुळे तिथेच अडकून पडले. मामांचे घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लहानशा गावात. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. ३ जूनला दुपारी वादळ आले. काही तासांनी वारा पडला आणि आम्ही मागचे दार उघडले, तेव्हा ओळखीचे असे काही उरलेच नव्हते. पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या होत्या. माड मुळांसकट उपटले गेले होते. मामा काही बोलले नाहीत. पायरीवर बसून ते नुसते त्या आडव्या झाडांकडे पाहत राहिले. पोफळ लावली की फळ धरायला कितीतरी वर्षे जातात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

शेजारच्या घरावर तर जुना फणस कोसळला होता. घर उभे होते. पण स्वयंपाकघराचे छप्पर खोडाखाली दबले होते. त्या घरात एक म्हातारी आजी, तिची सून आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला नातू अशी तिघे होती. माणसे सुखरूप राहिली, हेच खूप होते. मात्र पाऊस तोंडावर आला होता. खोड कापून काढल्याशिवाय छपरावर ताडपत्री टाकता येत नव्हती. गावात वीज नव्हती. कुऱ्हाडीने कापायचे तर तीन-चार दिवस लागले असते.

वादळानंतर सहाव्या दिवशी माझ्या मामेभावाने पलीकडच्या गावातून साखळीची करवत मागून आणली. मालकाने एकच अट घातली होती : संध्याकाळपर्यंत परत द्यायची. दुसऱ्या दिवशी ती आणखी एका वाडीत जायची होती. करवतीबरोबर दोन बाटल्या आल्या. पाण्याच्या रिकाम्या झालेल्या, एकसारख्या, बाहेरून धुळीने माखलेल्या. एकीत टू-टी तेल मिसळलेले पेट्रोल होते, दुसरीत साखळीला लागणारे दाट तेल. कोणत्याही बाटलीवर काही लिहिलेले नव्हते.

सकाळभर काम झपाट्याने झाले. मामेभाऊ करवत चालवत होता, शेजारचा तो मुलगा कापलेले ओंडके ओढून बाजूला टाकत होता. शेंड्याकडच्या फांद्या गेल्या. मधले खोड तेवढे राहिले. दुपारी करवत बंद पडली, तेव्हा मामेभाऊ म्हणाला, “पेट्रोल संपलं. भर रे जरा, तोवर मी पाणी पिऊन येतो.”

मुलाला घाई झाली होती. घर त्याचे होते. त्याने हाताला लागेल ती बाटली उचलली आणि टाकीत ओतली.

मामेभावाने येऊन दोरी ओढली. करवत चार-सहा क्षण चालली, तिने पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट सोडला आणि ती बंद पडली. पुन्हा दोरी, पुन्हा दोरी. चोक लावून पाहिला, काढून पाहिला. पाऊण तास गेला. मामेभावाचा हात भरून आला. करवत मात्र हूं की चूं करीना.

“माणसांसारखीच मशीनंही थकतात,” मामा म्हणाले. “मेस्त्रींना बोलवा.”

मेस्त्री साठीच्या पुढचे. एके काळी गावातल्या लुना आणि स्कूटर त्यांच्याच हातून जात. पुढे ते मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करू लागले. ते आले, खाली बसले आणि करवतीला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, “टाकीत काय घातलंत?”

“पेट्रोल. टू-टी मिसळलेलं,” मामेभाऊ म्हणाला.

“कोणी भरलं?”

कोणीच बोलले नाही. मेस्त्रींनी टाकीचे झाकण उघडले, झाकणाला लागलेला थेंब दोन बोटांत चोळला आणि वास घेतला. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी त्यांचे डोळे कोणाकडेच नव्हते.

“काका, तेल पडलं असेल चुकून,” मुलगा हळूच म्हणाला.

“पडलं असेल?”

मुलाने दबलेल्या छपराकडे पाहिले. आजी दारात उभी होती. “मी ओतलं,” तो म्हणाला. “साखळीचं तेल. अर्धी टाकी झाल्यावर दाट लागलं म्हणून थांबलो. मग वरून पेट्रोल घातलं. वाटलं, चालेल.”

मामेभाऊ उसळून काही बोलणार, तोच मेस्त्रींनी हात वर केला. “थांब. आता मला सगळं कळलं. अर्ध्या तासाचं काम आहे. ए पोरा, एक रिकामा डबा, स्वच्छ फडकं आणि थोडी वाकवलेली तार आण. आणि कोणी विडी-काडी पेटवू नका इथे.”

त्यांनी करवत विहिरीपासून दूर, सावलीत नेली. स्टार्टचे बटण बंद केले. करवत उलटी करून टाकीतले सगळे मिश्रण डब्यात काढले. एक थेंबही जमिनीवर सांडू दिला नाही. मग टाकीत थोडे ताजे मिसळलेले पेट्रोल घालून, झाकण लावून, हलवून तेही डब्यात ओतले. असे दोनदा केले. तारेच्या आकड्याने टाकीच्या आतला लहानसा फिल्टर बाहेर ओढला. तो तेलाने चिकट झाला होता. तो त्यांनी पेट्रोलमध्ये खळबळून फडक्यावर निथळत ठेवला.

“आता प्लग,” ते म्हणाले आणि त्यांनी पान्याने प्लग काढला. प्लगचे टोक काळे आणि ओले होते. “हा बघ. ठिणगी पडायची जागाच तेलात बुडालेली. ओल्या लाकडाला काडी लावण्यासारखं झालं.” त्यांनी प्लग पुसला, तारेच्या ब्रशने घासला आणि उन्हात ठेवला. प्लगच्या भोकावर फडके धरून त्यांनी मुलाला दोरी ओढायला सांगितली. दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर सिलिंडरमध्ये साठलेले तेल फडक्यावर येऊन पडले आणि मग येईनासे झाले.

फिल्टर जागेवर गेला. टाकीत योग्य बाटलीतले पेट्रोल गेले. बाजूचा रबरी फुगा त्यांनी बऱ्याच वेळा दाबला, नळीतले जुने मिश्रण पुढे ढकलले जाऊन ताजे पेट्रोल येईपर्यंत. मग कोरडा प्लग घट्ट बसवला. “दुसरी टाकीही बघून घे,” ते म्हणाले. “तिच्यात पेट्रोल गेलं असतं तर साखळी कोरडी राहिली असती आणि तापलेल्या साखळीवर पेट्रोल उडालं असतं. मग मशीनपेक्षा माणसाची काळजी करायची वेळ येते.” मुलाने झाकण उघडले. आत साखळीचेच तेल होते.

पेट्रोल भरलेल्या जागेपासून सात-आठ पावले दूर जाऊन मेस्त्रींनी करवत जमिनीवर टेकवली, तिच्यावर पाय रोवला आणि दोरी ओढली. पहिल्या दोन वेळा काही झाले नाही. तिसऱ्या वेळी इंजिन खोकले. चौथ्या वेळी ते सुरू झाले. मिनिटभर दाट धूर येत राहिला, मग तो विरळ होत गेला. मेस्त्रींनी पात्याचे टोक एका जुन्या वर्तमानपत्राच्या वर धरून साखळी वेगाने फिरवली. कागदावर तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली.

“साखळीलाही तेल मिळतंय. चला, कापा.”

खोड मोकळे होईतो मी मेस्त्रींपाशी बसले. “वासावरून तुम्हाला आधीच कळलं होतं ना?” मी विचारले. “मग त्याला पुन्हा का विचारलंत?”

“तेल गेलंय एवढं वासावरून कळतं, ताई. किती गेलं, वरून आणखी काय घातलं, ते कुठे कळतं? ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. त्याने सांगितलं नसतं तर मी आधी प्लग बदलला असता, मग कार्बोरेटर उघडला असता. संध्याकाळ झाली असती.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि ही चूक त्यातल्या त्यात भली. तेल जास्त झालं तर इंजिन गुदमरतं आणि बंद पडून आपल्याला सांगतं. तेलच न मिसळलेलं पेट्रोल घातलं असतं ना, तर ते छान सुरू झालं असतं. कोणाला शंकाही आली नसती. आणि चालता चालता आतून सोलून निघालं असतं. असं एक इंजिन मी उघडलंय. भरणाऱ्याला माहीत होतं. काम थांबेल म्हणून तो गप्प बसला. पाचेक मिनिटं बोलायला हवं होतं, त्याचं नवं सिलिंडर घालावं लागलं.”

दिवेलागणीच्या आधी स्वयंपाकघरावर ताडपत्री पसरली गेली. आजीने चुलीवर चहा ठेवला. मामेभाऊ करवत परत द्यायला निघाला, तेव्हा तो मुलगाही मोटरसायकलवर मागे बसला. झालेला प्रकार मालकाच्या कानावर त्यालाच घालायचा होता. दोन्ही बाटल्या त्याच्या मांडीवर होत्या. त्यांवर चिकटपट्टी लावून त्याने ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘मिसळलेले पेट्रोल’ आणि ‘साखळीचे तेल’.

११.४ शब्दार्थ

वाडी – कोकणातील नारळ, सुपारी यांची बाग
पोफळ – सुपारीचे झाड
माड – नारळाचे झाड
मेस्त्री – यंत्र, बांधकाम किंवा लाकूडकाम यांतील जाणकार कारागीर
ताडपत्री – पाणी आत न येऊ देणारे जाड कापड
टू-टी तेल – दोन धावांच्या इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल
दट्ट्या – सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणारा भाग, पिस्टन
निस्तरणे – झालेली चूक किंवा अडचण दूर करणे

पाठगत प्रश्न ११.१
१. करवत संध्याकाळपर्यंत परत का द्यायची होती?
२. दोन बाटल्यांची अदलाबदल का झाली असावी?
३. करवत सुरुवातीला चार-सहा क्षण का चालली असेल? (सूचना : टाकीतून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत आधी काय असेल, याचा विचार करा.)

११.५ चला, समजून घेऊ या

(अ) दोन टाक्या कशासाठी?

साखळीच्या करवतीत सामान्यतः दोन धावांचे लहान इंजिन असते. मोटारीच्या इंजिनात वंगणासाठी वेगळे तेल साठवलेले असते. या लहान इंजिनात तशी सोय नसते. म्हणून पेट्रोलमध्येच टू-टी तेल ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. हे मिश्रण इंजिनात जाते, पेट्रोल जळते आणि तेलाचा पातळ थर दट्ट्या व सिलिंडर यांमध्ये राहून घर्षण कमी करतो. जुन्या स्कूटर आणि लुना यांनाही असेच तेल लागत असे. पुष्कळ करवतींत ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे १ लीटर पेट्रोलला २० मिलिलीटर तेल, असे प्रमाण असते. काहींत ते २५ भागांना १ भाग, म्हणजे १ लीटरला ४० मिलिलीटर, इतके असते. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल, तेच पाळावे.

दुसरी टाकी साखळीच्या तेलाची. साखळी ज्या लांब, चपट्या पात्याभोवती फिरते, त्या पात्यावर हे दाट तेल सतत थोडे थोडे येते. ते इंजिनात जळत नाही. साखळीबरोबर फिरते आणि उडून जाते. म्हणून ही टाकीही पुन्हा पुन्हा भरावी लागते. बहुतेक करवतींच्या झाकणांजवळ खुणा असतात : एकीवर पेट्रोलपंपाचे चित्र, दुसरीवर साखळी किंवा तेलाचा थेंब. द्रव ओतण्यापूर्वी ही खूण पाहणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

(आ) तीन चुका, तीन परिणाम

पहिली चूक पाठातच आली आहे : साखळीचे तेल पेट्रोलच्या टाकीत. दाट तेलामुळे फिल्टर आणि कार्बोरेटरच्या बारीक वाटा चिकटतात, प्लग ओला होतो, ठिणगी नीट पडत नाही. इंजिन धुरकटते आणि बंद पडते. दोरी ओढण्यापूर्वीच चूक लक्षात आली, तर टाकी रिकामी करून धुतली की बहुधा भागते. दोरी ओढली असेल, तर फिल्टर, प्लग आणि सिलिंडर यांचीही सफाई करावी लागते. एवढे करूनही इंजिन सुरू झाले नाही, तर कार्बोरेटर उघडण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे.

दुसरी चूक : पेट्रोलचे मिश्रण साखळीच्या तेलाच्या टाकीत. इंजिन नेहमीसारखे चालते. पण साखळीला पुरेसे वंगण मिळत नाही. साखळी व पाते तापतात, आणि त्यांवर उडणारे पेट्रोल पेट घेऊ शकते. येथे धोका आधी माणसाला आहे. करवत ताबडतोब थांबवून थंड होऊ द्यावी, टाकी रिकामी करावी, थोड्या साखळीच्या तेलाने ती खळबळून घ्यावी, बाहेर सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे आणि मगच योग्य तेल भरावे. शेवटी कागदावर थेंबांची रेघ उमटते का, ते पाहावे.

तिसरी चूक मेस्त्रींनी सांगितली : तेल न मिसळलेले नुसते पेट्रोल. यात यंत्र लगेच तक्रार करत नाही. वंगण नसल्याने दट्ट्या तापतो, सिलिंडरच्या भिंतीला घासतो आणि त्यावर उभे ओरखडे पडतात. अखेर तो अडकून बसतो. थोडा वेळ जरी असे इंजिन चालवले गेले असेल, तरी पुढे वापरण्याआधी ते जाणकाराला दाखवावे. तो सायलेन्सर काढून, मागच्या वाटेने आत पाहून दट्ट्या शाबूत आहे की नाही, हे सांगू शकतो.

(इ) पाठाचा गाभा

तिन्ही चुकांकडे एकत्र पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जी चूक यंत्र लगेच बंद पाडते, तिचे नुकसान सर्वांत थोडे. ज्या चुकीनंतरही यंत्र चालत राहते, ती जास्त घातक. अशा वेळी धोक्याची सूचना देणारे एकच उरते, आणि ते म्हणजे ओतणाऱ्याची जबान. म्हणूनच मेस्त्रींचा पहिला प्रश्न अवजारांविषयी नव्हता. मुलगा गप्प राहिला तो भीतीपोटी. तो बोलला, तेव्हा पाऊण तास न सुटलेले कोडे एका वाक्यात सुटले. मेस्त्रींनी त्याला रागावण्याची संधी कोणाला दिली नाही, हेही लक्षात घ्या. चूक सांगणाऱ्याचा अपमान झाला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

पाठगत प्रश्न ११.२
१. योग्य पर्याय निवडा : नुसते पेट्रोल घातल्यास इंजिन –
 (क) सुरूच होत नाही (ख) सुरू होते, पण आतून खराब होते (ग) फक्त धूर सोडते
२. एका करवतीला १ लीटर पेट्रोलमागे २० मिलिलीटर टू-टी तेल लागते. ५ लीटर पेट्रोलमध्ये किती तेल मिसळावे?
३. मेस्त्रींनी टाकीतले मिश्रण विहिरीपासून दूर, डब्यात का काढले?

११.६ भाषा अभ्यास

(अ) कर्ता कोठे गेला?

मुलाची ही दोन वाक्ये पाहा :
‘तेल पडलं असेल चुकून.’
‘मी ओतलं.’

पहिल्या वाक्यात ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. तेल जणू आपले आपणच पडले. पाडणारा दिसत नाही. ‘असेल’ या रूपाने घटनेविषयीही शंका निर्माण केली आहे. दुसऱ्या वाक्यात ‘ओतणे’ हे सकर्मक क्रियापद आहे आणि ‘मी’ हा कर्ता उघड आहे. मराठीत कप ‘फुटतो’ आणि कोणीतरी तो ‘फोडतो’. दोरी ‘तुटते’ आणि कोणीतरी ती ‘तोडतो’. जबाबदारी टाळायची असली की माणूस नकळत पहिल्या प्रकारचे क्रियापद निवडतो. मुलाने वाक्य बदलले, तेथेच त्याने चूक पत्करली.

(आ) ‘-ऊन’ आणि कृतींचा क्रम

‘टाकी उघडून पाहिली’, ‘प्लग पुसून ठेवला’ या वाक्यांतील ‘उघडून’, ‘पुसून’ ही रूपे आधी झालेली क्रिया दाखवतात. कृती सांगताना हा क्रम फार महत्त्वाचा असतो. ‘प्लग काढून दोरी ओढली’ आणि ‘दोरी ओढून प्लग काढला’ या वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. परंतु पहिल्या कृतीने सिलिंडर मोकळा होतो, दुसरीने तेल आतच राहते. ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ हे शब्दही हेच काम करतात.

(इ) सूचना देण्याच्या तीन रीती

टाकी रिकामी करा. (समोरच्या व्यक्तीला थेट सूचना)
टाकी रिकामी करावी. (सर्वांसाठी सर्वसामान्य सूचना)
टाकी रिकामी केली जाते. (प्रक्रियेचे वर्णन)

एका लेखनात यांपैकी एकच रीत शक्यतो शेवटपर्यंत ठेवावी.

कृती : ओतणे, सांडणे, निथळणे, पाझरणे, उडणे ही पाच क्रियापदे द्रवाच्या हालचालीची आहेत. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा आणि त्यांतील कोणते क्रियापद सकर्मक आहे, ते ओळखा.

११.७ तुम्ही काय शिकलात?

• साखळीच्या करवतीत इंजिनासाठी तेल मिसळलेले पेट्रोल आणि साखळीसाठी वेगळे दाट तेल लागते.
• चुकीचे द्रव गेल्याचे कळताच यंत्र थांबवावे, टाकी रिकामी करावी आणि पुढची सफाई क्रमाने करावी.
• दुरुस्ती किती सोपी होईल, हे चूक किती लवकर आणि किती पूर्णपणे सांगितली यावरही अवलंबून असते.
• बाटल्यांवर नावे लिहिणे ही लहान खबरदारी मोठे नुकसान टाळते.
• क्रियापदाच्या निवडीतून बोलणाऱ्याची वृत्ती प्रकट होते.

११.८ पाठान्त प्रश्न

१. वादळानंतर मामांची वाडी आणि शेजारचे घर यांची काय अवस्था झाली होती? ५-६ वाक्यांत लिहा.
२. मेस्त्रींनी केलेल्या दुरुस्तीच्या कृती ‘करावी’ या रीतीने क्रमवार लिहा.
३. ‘ही चूक त्यातल्या त्यात भली’ असे मेस्त्री का म्हणतात, ते स्पष्ट करा.
४. मुलगा करवतीच्या मालकाकडे स्वतः का गेला असेल? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी घडलेली एखादी चूक आणि ती निस्तरण्याची रीत सुमारे १०० शब्दांत लिहा. कर्ता लपवू नका.
६. तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या यंत्रासाठी ‘हे करा, हे करू नका’ अशी सूचनापाटी तयार करा.

११.९ पाठगत प्रश्नांची उत्तरे

११.१
१. दुसऱ्या दिवशी ती आणखी एका वाडीत जायची होती.
२. बाटल्या एकसारख्या होत्या, त्यांवर नावे नव्हती आणि मुलगा घाईत होता.
३. नळीत आणि कार्बोरेटरमध्ये आधीचे थोडे पेट्रोल शिल्लक असावे. ते संपताच तेल इंजिनात पोहोचले.

११.२
१. (ख)
२. १०० मिलिलीटर
३. तेल व पेट्रोल जमिनीत मुरून विहिरीचे पाणी दूषित होऊ नये म्हणून.